खुणेच्या वर

सकाळ आहे. डिझेलची गाडी रात्रभर एकाच जागी उभी आहे.

जमीन सपाट आहे ना, एवढं आधी पाहा. एखादं चाक खड्ड्यात नको, नाक उताराला नको. पाहून झालं की बॉनेट उघडा, आणि क्षणभर काहीच करू नका.

इंजिन गार आहे. तळवा जवळ नेला तरी ऊब लागत नाही.

वरचं सगळं तेल रात्रीतून भिंतींवरून, नळ्यांतून ओघळत खाली तेलाच्या चेंबरमध्ये आलं आहे. आता ते तिथे निवांत पडून आहे.

तुम्हीही थोडे निवांत व्हा. श्वास आत घ्या. सावकाश सोडा.

डिपस्टिकची पिवळी कडी दिसते आहे. तिच्यात बोट अडकवा. काडी ओढा.

पहिल्यांदा बाहेर आलेल्या काडीचं काही धरू नका. येताना ती नळीच्या कडांना घासते आणि पार वरपर्यंत माखते. स्वच्छ फडक्याने पुसा. टोकापासून नव्हे, वरून खाली, एकाच हाताने. पुन्हा आत घाला, कडी टेकेपर्यंत.

एक श्वास थांबा.

आता हळूच बाहेर काढा. आडवी धरा. उजेडाकडे वळवा.

टोकाकडे पाहा.

दोन खुणा आहेत. एक खालची, एक वरची. बहुतेक गाड्यांत या दोघींच्या मधलं अंतर म्हणजे साधारण एक लिटर तेल. धातूवर तेलाचा ओला पापुद्रा चकाकतो आहे. तो जिथे संपतो तिथे एक रेघ आहे, फार बारीक.

ती रेघ कुठे आहे?

वरच्या खुणेच्या वर.

फार नाही. पाच-सहा मिलिमीटर असेल. पण वर आहे.

इथेच थांबूया. या रेघेपाशी.

*

तेल कमी झालं की आपला जीव खालीवर होतो. दुकानातून डबा येतो, नरसाळं शोधलं जातं. वाढलं तर मात्र मन निर्धास्त होतं. भरलेलं आहे, मग चांगलंच आहे.

त्या निर्धास्तपणाकडे जरा पाहा. त्याला हाकलू नका. फक्त पाहा.

इंजिन तेल तयार करत नाही. ते तेल थोडं थोडं खातं, जाळतं, वाफेवाटे घालवतं. रेघ महिन्यामहिन्याने किंचित उतरावी, हे साहजिक. जिथल्या तिथे राहिली तरी चालेल. चढली असेल, तर बाहेरून काहीतरी आत आलं आहे.

ताकात पाणी घातलं की भांडं भरतं, ताक वाढत नाही.

काय आलं असेल, याचं उत्तर लगेच देऊ नका. सर्व्हिसच्या दिवशी कुणाच्या हातून तेलच जास्त पडलं असेल. कूलंट आलं असेल. डिझेल आलं असेल. तिन्ही मनात ठेवा, एकाचीही बाजू न घेता.

आणि पुन्हा रेघेकडे पाहा.

*

काडी नाकाजवळ आणा. फार जवळ नको.

हळू श्वास घ्या.

वापरलेल्या इंजिन ऑइलला एक जड, जळकट वास असतो. तो येऊ द्या. तो आला की त्याच्या मागे आणखी काही येतं का, त्याची वाट पाहा. पंपावर डिझेलची नोझल टाकीतून काढताना येतो तो वास. पातळ, टोकदार, नाकात वर चढणारा.

येतो आहे?

खात्री नसेल तर हरकत नाही. काडी खाली करा, मोकळ्या हवेत दोन श्वास घ्या, मग पुन्हा.

काही नव्या गाड्यांत काडीच नसते. पडद्यावर एक पट्टी दिसते आणि ती सांगते, तेल ठीक. मला हा बदल मनापासून खटकतो. पट्टीचा वास घेता येत नाही, तिला बोट लावता येत नाही, आणि या दुखण्यात नाक पुष्कळ काही सांगतं.

रंगाचं मात्र मनावर घेऊ नका. डिझेल इंजिनात नवं तेल घातलं की थोड्याच दिवसांत ते काळं होतं. काजळी अंगावर घेऊन ती तरंगत ठेवणं, हे त्याचं कामच आहे. आपल्याला ज्याचा शोध आहे, त्याबद्दल काळेपणा काहीच सांगत नाही.

आता एक थेंब अंगठ्यावर घ्या. तर्जनी त्यावर टेकवा. बोटं हळूच दूर करा.

तेल थोडं ताणलं जातं का? की लगेच सुटतं?

पुन्हा जवळ. पुन्हा दूर.

बोटांना जे कळतं त्याला अजून नाव देऊ नका. साबणाने हात धुवा. वापरलेलं तेल कातडीवर राहू देणं बरं नाही.

दुसरा थेंब टिपकागदावर सोडा. कागद अशा जागी ठेवा, जिथे वारा नाही आणि कुणी हलवणार नाही. काही तास जाऊ द्या. थेंब पसरतो. मधोमध काळा गाभा राहतो, त्यातली काजळी तिथेच बसते. भोवती करडं वर्तुळ उमटतं. तेलात डिझेल असेल तर त्याच्याही बाहेर एक फिकट, कागद पारदर्शक करणारी कड सरकत जाते.

ही प्रयोगशाळेची चाचणी नाही. तिथे तेलाची स्निग्धता मोजतात, ते कितव्या अंशाला पेट घेतं ते पाहतात, त्यातलं डिझेल टक्क्यात सांगतात. पण त्या फिकट कडेपाशी थोडा वेळ बसणं चांगलं असतं. जे काडीवर एकत्र होतं, ते कागदावर वेगळं होताना दिसतं.

*

आता डोळे मिटा.

सिलिंडरच्या आत चला.

भिंत गुळगुळीत आहे, तरी तिच्यावर बारीक तिरक्या रेघा मुद्दाम कोरलेल्या आहेत. एकमेकींना छेदणाऱ्या. त्या रेघांत तेल अडकून राहतं आणि भिंतीवर त्याचा पापुद्रा धरला जातो.

पिस्टन वर येतो. हवा दाबली जाते, तापते. डिझेलचा फवारा येतो. जाळ होतो. पिस्टन खाली ढकलला जातो.

पुन्हा. वर, दाब, फवारा, जाळ, खाली.

श्वासाला त्याच्याबरोबर जाऊ देऊ नका. तो फार वेगात आहे. तुम्ही आपल्या गतीने श्वास घ्या आणि त्यातला एकच फेरा पाहा.

पिस्टन खाली निघाला आहे. जाळ विझत आला आहे. एरवी या क्षणी इंजेक्टर गप्प असतो.

आज तो पुन्हा उघडतो. थोडं डिझेल सोडतो.

हे डिझेल गाडी ओढायला नाही. त्याने सिलिंडरमध्ये जळायचंच नाही. त्याने धुराबरोबर बाहेर पडायचं, पुढच्या कॅटॅलिस्टवर जाऊन जळायचं, आणि त्या आचेने त्याच्या पुढचा फिल्टर तापवायचा. त्यासाठी हा उशिराचा फवारा आहे.

पण पिस्टन खाली आहे. भिंत उघडी पडली आहे. फवाऱ्यातले काही थेंब तिला लागतात.

पाहा. तेलाच्या पापुद्र्यावर डिझेलचा थेंब.

तो त्यात मिसळतो. पिस्टनची रिंग येते, भिंत पुसते. पुसलेलं सगळं खाली चेंबरमध्ये उतरतं.

इतकंच घडतं. काहीही तुटलेलं नाही. कुठलाही भाग चुकलेला नाही. गाडीला जसं बांधलं आहे, तसंच ती वागते आहे.

याच्यापाशी जरा राहा. आपण बिघाड शोधायला आलो होतो.

*

फिल्टरकडे या.

धातूच्या डब्यात सिरॅमिकचा एक ठोकळा आहे. डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. त्यात हजारो बारीक चौकोनी नळ्या. एक नळी पुढून उघडी, मागून बंद. तिच्या शेजारची पुढून बंद, मागून उघडी. आत शिरलेल्या धुराला भिंतीतूनच वाट काढावी लागते. भिंत सच्छिद्र आहे. वायू पलीकडे जातो, काजळी अलीकडे राहते.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६चे नियम लागू झाले. डिझेल कारच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं. त्यानंतर आपल्या रस्त्यांवरच्या डिझेल गाड्यांत हा ठोकळा सर्रास आला.

जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला.

शाळा सुटायची वेळ डोळ्यांसमोर आणा. फाटकाबाहेर गाड्यांची रांग, इंजिनं चालू. मुलांची नाकं किती खाली असतात ते पाहा. सायलेन्सरपासून फार उंच नाहीत.

म्हणून कुणी गॅरेजमध्ये सहज सांगतं, "डीपीएफ काढून टाका साहेब, कटकटच मिटेल," तेव्हा मला वाईट वाटतं. बेकायदा आहे हे खरंच. पण त्याच्याही आधी तो ठोकळा ज्यांच्यासाठी आहे त्यांची आठवण होते.

श्वास घ्या. तुमच्या श्वासात जे आलं नाही, तेही आत्ता त्या फिल्टरमध्ये आहे.

काजळी साठते. मग ती जाळावी लागते. जळायला तिला साधारण ६०० अंश सेल्सियस लागतात.

पुण्यात कोथरूडहून डेक्कनला निघालेली सकाळची गाडी पाहा. पौड फाटा, नळ स्टॉप, कर्वे रस्ता. पहिला गिअर, दुसरा, ब्रेक. पुन्हा पहिला. तिचा धूर इतका कधीच तापत नाही. तीच गाडी किवळ्याहून द्रुतगती मार्गाला लागली, एका लयीत तळेगाव ओलांडून गेली, तर वाटेत थोडी काजळी आपोआप जळत जाते. शहरात ते होत नाही. म्हणून गाडी स्वतःच ठरवते, आता सफाई करू. आणि तो उशिराचा फवारा सुरू होतो.

तिला पंधरा-वीस मिनिटं हवी असतात. सलग.

घर येतं.

इंजिन बंद होतं.

*

हा क्षण पाहा. नुसता पाहा. स्वतःला बोल लावू नका, कारण घर आल्यावर गाडी बंद करणं यात काय वावगं आहे?

फिल्टर अर्धा तापला आहे. काजळी बरीचशी तशीच आहे. भिंतीवरचं डिझेल मात्र खाली उतरलं आहे. ते परत जात नाही.

उद्या ती पुन्हा सुरुवात करेल. आधी सगळं तापवावं लागेल, तापवायला पुन्हा डिझेल लागेल. पुन्हा ऑफिस येईल.

परवा पुन्हा.

तेलाची रेघ अशी चढते. एकेका अर्धवट राहिलेल्या सफाईने.

मग वाटतं, रविवारी लांबची चक्कर मारू, सगळं डिझेल उडून जाईल. ही आशा फार धरू नये. चालत्या गाडीत इंजिन ऑइल साधारण ९० ते ११० अंशांवर असतं. डिझेल १८०च्या आसपास उकळायला लागतं आणि त्यातला जड भाग ३५०च्या घरात उडतो. हलका थोडा भाग वाफेने जाईल, जड भाग तेलातच राहील. पेट्रोल गाडीत तेलात उतरलेलं इंधन बरंचसं निघून जातं, तसं इथे होत नाही. लांबच्या फेरीने फिल्टर साफ होतो, ते मोठंच काम आहे. आधीच पातळ झालेलं तेल त्याने घट्ट होत नाही.

*

आता ऐकूया.

संध्याकाळ. तुम्ही गाडी लावली आहे. बंद करण्याआधी क्षणभर हात आवरा.

इंजिनाचा आवाज रोजचा आहे का?

काटा पाहा. एरवी ८००च्या आसपास शांत असतो, आज १०००च्या जवळ आहे? सिग्नलला गाडी आपोआप बंद व्हायची, आज झाली नाही? एसी फार नसतानाही पुढचा पंखा घोंघावतो आहे? ॲव्हरेजचा आकडा सकाळपासून उगाच घसरला आहे?

काच खाली करा. तापलेल्या लोखंडाचा वास येतो का?

ही सगळी चिन्हं एकत्र असतील तर गाडी काजळी जाळते आहे. आत्ता, या क्षणी.

जमत असेल तर तिला थोडा वेळ द्या. पार्किंगमध्ये उभ्या उभ्या नको. मोकळ्या रस्त्याला काढा, एक गिअर खालचा ठेवा, वेग साठच्या वर आणि स्थिर असू द्या. रेडिओ बंद ठेवा. काटा खाली येईपर्यंत, आवाज सैल होईपर्यंत तिच्याबरोबर राहा. परतल्यावर वाळलेल्या गवतावर लावू नका. खालचं सगळं फार तापलेलं असतं.

जमत नसेल तर नसेल. पण मनात नोंद ठेवा की आज मधेच थांबली.

अशा किती संध्याकाळी गेल्या असतील, हे आता रेघेकडे पाहून तुम्हाला कळू लागतं.

*

सफाई सारखी सारखी का लागते, हाही एक ऐकण्यासारखा प्रश्न आहे.

फिल्टर काजळी पकडतो, काजळी करत नाही. ती त्याच्या आधी कुठेतरी जास्त होत असते. टर्बोपासून इंजिनाकडे येणाऱ्या रबरी नळीला चीर असते, हवा कमी पडते. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकलेला असतो. कधी थर्मोस्टॅट उघडा राहतो, इंजिन पुरतं तापतच नाही आणि सफाई नीट पार पडत नाही. कधी फिल्टर ठीक असतो, त्याच्या दोन बाजूंचा दाब मोजणारा सेन्सर खोटं सांगतो, आणि गाडी त्याच्यावर विश्वास ठेवून विनाकारण जाळत बसते.

आणि कधी सफाईचा काही संबंधच नसतो. एखाद्या इंजेक्टरचं टोक नीट मिटत नाही, फवारा थांबल्यावरही तो थेंब थेंब गळतो. काही इंजिनांत इंधनाच्या हाय प्रेशर पंपाची सील जाते आणि डिझेल आतल्या आत चेंबरपर्यंत वाट काढतं. पहाटे गाडी सुरू होताना पांढरट धूर येतो का, थंड इंजिनाचा खडखड आवाज एका सिलिंडरपुरता जास्त आहे का, ऐका.

कूलंटची गोष्ट वेगळी आहे.

बॉनेट उघडंच आहे. गार इंजिनावर कूलंटच्या टाकीकडे पाहा. तिथेही दोन खुणा आहेत. इथलं पाणी उतरतं आहे आणि तिथलं तेल चढतं आहे, असं असेल, तर आता गाडी सुरूच करू नका. तेल भरायचं झाकण फिरवून काढा. खालच्या बाजूला पिवळट, सायीच्या रंगाचा लगदा आहे? काडीवरही तोच आहे? मग हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर पाहावा लागेल. गाडी ओढून न्या.

पावसाळ्यात छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीच्या नुसत्या झाकणाखाली तसा पातळ थर दिसतो. ती दमट हवेची वाफ असते. काडी स्वच्छ असेल, टाकीतलं पाणी जागच्या जागी असेल, तर घाबरू नका. पुसा, आणि लक्ष ठेवा.

*

पुन्हा डोळे मिटा. एकदाच आणखी आत जायचं आहे.

क्रँकशाफ्ट फिरतो आहे. त्याच्या आणि बेअरिंगच्या मध्ये जागा किती? तेलाचा पापुद्रा फक्त काही मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

त्या पापुद्र्यावर सगळं तोललेलं आहे. धातू धातूला लागत नाही. तेल मध्ये आहे.

त्या मधल्या जागेत राहा. श्वास आत. बाहेर.

१०० अंशांवर ५डब्ल्यू-३० तेलाची स्निग्धता ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या दरम्यान असते. आपल्या पंपावरच्या डिझेलची ४० अंशांवरच २ ते ४.५. दोन्ही मिसळली की आकडा खाली येतो आणि पापुद्रा विरळ होतो.

विरळ.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. तोही अशाच पापुद्र्यावर.

आवाज होत नाही. दिवा लागत नाही. पडद्यावर काही येत नाही. ऑइलचा लाल दिवा दाब पडल्यावर लागतो, आणि दाब पडेपर्यंत पुष्कळ झीज होऊन गेलेली असते. म्हणून ही पाच-सहा मिलिमीटरची रेघ मला इतकी महत्त्वाची वाटते. इतक्या आधी दुसरं कुणी बोलत नाही.

पातळी फारच चढली तर क्रँक त्या तेलात बुडतो, त्याला घुसळतो, फेस करतो. फेसात हवा असते. तेलाचे तुषार ब्रीदरच्या नळीतून हवेच्या वाटेने पुन्हा इंजिनात जातात आणि तिथे जळतात. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. तेलावरही ते धावतं, आणि बंद केलं तरी धावत राहू शकतं. हे क्वचित घडतं. घडतं तेव्हा इंजिन सहसा वाचत नाही. अशा सुसाट इंजिनाजवळ उभं राहू नये.

डोळे उघडा.

माझदाच्या डिझेल गाड्यांच्या काडीवर वरच्या खुणेच्याही वर एक फुली कोरलेली असते. रेघ तिथे आली की तेल बदला, असं मॅन्युअल सांगतं. मला ती फुली आवडते. गाडी बांधणाऱ्यांना माहीत होतं की रेघ चढणार आहे, आणि त्यांनी ते मालकापासून लपवलं नाही. आपल्याकडच्या बहुतेक काड्यांवर अशी फुली नाही. तिथे वरची खूण हीच शेवटची माना.

*

एक वही घ्या. किंवा ग्लव्हबॉक्समधल्या सर्व्हिस बुकाचं शेवटचं कोरं पान.

तारीख लिहा. किलोमीटर लिहा. रेघ वरच्या खुणेपासून किती वर किंवा खाली, मिलिमीटरमध्ये लिहा. बाकी काही नको.

पुढच्या पाचशे किलोमीटरने पुन्हा. तीच जागा, तीच सकाळ, इंजिन तसंच गार. तुमच्या गाडीचं मॅन्युअल गरम इंजिन बंद करून काही मिनिटांनी मोजायला सांगत असेल तर तसं, पण दर वेळी तसंच.

तीन-चार ओळी होऊ द्या. मग त्या एकाखाली एक वाचा.

आकडा जिथल्या तिथे आहे? मग तेल बहुधा पहिल्या दिवशीच जास्त पडलं होतं. जास्तीचं काढून घेतलं की झालं.

आकडा चढतो आहे, पान उलटलं तरी चढतो आहे? मग वाट सापडली आहे.

वाचताना मनात जी घाई उठते, तीही पाहा. "जास्तीचं तेल काढून टाकू, पातळी बरोबर होईल." ऐकायला सोपं आहे. पण काढाल ते मिश्रण, उरेल तेही मिश्रणच. रेघ खाली येईल आणि पापुद्रा विरळच राहील. अशा वेळी सगळंच तेल बदलावं लागतं, ऑइल फिल्टरसह, आणि तेही कमी राखेचं, तुमच्या मॅन्युअलमध्ये ज्या दर्जाचं सांगितलं आहे तेच. तेलातली राख डीपीएफमध्ये साठते आणि ती कुठल्याही सफाईत जळत नाही.

*

गॅरेजमध्ये जा. पान बरोबर न्या.

तिथे आवाज आहे, कंप्रेसर चालू आहे, कुणाला तरी घाई आहे. तुम्हाला नाही. मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा. स्कॅनर लावू द्या.

"दादा, तेल बदलायच्या आधी दोन आकडे दाखवता का?"

शेवटची सफाई पूर्ण होऊन किती किलोमीटर झाले, हा एक. इंजिन बंद, स्विच चालू असताना फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक किती, हा दुसरा. धूरच वाहत नसताना तो शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ हवा. तसा नसेल तर सेन्सरपासून सुरुवात करा.

पडद्याकडे पाहा. आकडा स्थिर होऊ द्या.

सफाया शंभर-दीडशे किलोमीटरच्या आतच पुन्हा पुन्हा होत असतील, किंवा सुरू होऊन अर्ध्यावर तुटलेल्या दिसत असतील, तर काजळीच्या मागे जायचं. नळ्या, ईजीआर, थर्मोस्टॅट, आणि तुमची रोजची वाट.

सफायांमध्ये चांगलं चारशे-पाचशेचं अंतर असेल, त्या पूर्णही होत असतील, आणि तरी तुमच्या पानावरचे आकडे चढते असतील, तर इंजेक्टरचा रिटर्न मोजायला सांगा. ते प्रत्येक इंजेक्टरला एक छोटी बाटली लावतील आणि इंजिन चालू करतील.

चार बाटल्या. चारही रिकाम्या.

भरताना पाहा. बोलू नका. एखादी इतरांच्या पुढे जाते का?

जाते, तो इंजेक्टर झिजला आहे, तो आधी उतरवायचा. पण बाटल्या सारख्या भरल्या म्हणून सुटलो असं नाही. टोक गळतं का, ते टेस्ट बेंचवर ठेवल्याशिवाय दिसत नाही. चारही काढून पाठवा. दोन दिवस गाडी तिथेच राहू दे. नवं तेल ते परत बसल्यावर भरा, आधी भरलं तर तेही पातळ होईल.